धुळीने फुप्फुसे गेलेल्या कामगाराची नुकसानभरपाई: पहिल्या केस पेपरपासून वसुलीपर्यंत

खडी क्रशर, दगडाच्या खाणी, सिलिका वाळू, फाउंड्री, सँड ब्लास्टिंग, काच आणि सिरॅमिकचे कारखाने, अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे, सूतगिरणीतली कापसाची धूळ या कामांत वर्षे घालवलेल्या माणसाला चाळिशीच्या आसपास जिना चढताना दम लागू लागतो. खोकला जात नाही, वजन उतरते आणि एके दिवशी तो कामावर जायचा थांबतो. अशा कामगाराला व त्याच्या कुटुंबाला कायद्याने नुकसानभरपाई मिळू शकते आणि कामातून झालेल्या इजा व आजारांच्या भरपाईचा हक्क १९२३ पासून कायद्याच्या पुस्तकात आहे. तरीही फार थोडी कुटुंबे तो मागतात, आणि मागणाऱ्यांपैकी अनेकांचे दावे आजार खोटा म्हणून नव्हे, तर कागद अपुरे म्हणून अडतात. म्हणून हा लेख कागदांच्या क्रमाने लिहिला आहे. तो कामगारासाठी आहे, त्याच्या घरच्यांसाठी आहे, आणि त्यांच्यासोबत पहिल्यांदाच सरकारी दवाखान्यात वा न्यायालयात जाणाऱ्या कार्यकर्त्यासाठीही आहे.

भरपाई मिळवण्यासाठी तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. आजार धुळीचा आहे, कामगाराने त्या धुळीत काम केले आहे, आणि आजारामुळे त्याची कमाईची क्षमता गेली किंवा कमी झाली आहे. पुढचा सगळा खटाटोप या तीन गोष्टींसाठीच आहे.

पहिली पायरी: केस पेपरवर कामाचा इतिहास लिहून घ्या

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि तिच्यासाठी पैसा लागत नाही. रुग्ण प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जातो, खोकला व दम सांगतो आणि केस पेपरवर दोन ओळी लिहिल्या जातात: खोकला तीन महिने, दम लागतो. एक्स-रेमध्ये डाग दिसतात, क्षयरोगाचा संशय येतो आणि सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू होतात. गोळ्या संपल्यावरही दम तसाच राहतो, तेव्हा पुन्हा तोच कोर्स सुरू होतो. या सगळ्या कागदांत हा माणूस पंधरा वर्षे क्रशरवर होता, हे कुठेच लिहिलेले नसते. पुढे मालकाचा वकील हेच कागद दाखवून सांगतो की याला साधा क्षयरोग होता आणि कामाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

त्यामुळे पहिल्याच भेटीत डॉक्टरांना कामाबद्दल स्वतःहून सांगा आणि ते लिहून घ्यायची विनंती करा. नुसते ‘मजुरी’ लिहून भागत नाही. कोणते काम, किती वर्षे, धूळ कशाची, काम बंद जागेत होते की उघड्यावर, पाणी मारून होत असे की कोरडे, तोंडावर मास्क होता का, काम केव्हा सोडले आणि त्रास केव्हा सुरू झाला, एवढे केस पेपरवर यायला हवे. उदाहरणार्थ, ‘२००८ ते २०२२ दगड क्रशरवर, कोरडी क्रशिंग, रोज आठ ते दहा तास, मास्क नाही, २०२१ पासून दम’ अशी एक ओळ पुरेशी आहे. बाह्यरुग्ण विभागात गर्दी असते आणि डॉक्टरांना प्रत्येकाला एवढे विचारायला वेळ नसतो. म्हणून हीच माहिती घरून एका चिठ्ठीवर लिहून न्यावी आणि ती समोर ठेवावी.

डॉक्टरांचीही यात एक जबाबदारी आहे. सिलिकोसिस, अ‍ॅस्बेस्टॉसिस, बिसिनोसिस हे अनुक्रमे सिलिका, अ‍ॅस्बेस्टॉस आणि कापसाच्या धुळीने होणारे फुप्फुसांचे आजार कायद्याने कळवण्याचे आजार ठरवलेले आहेत आणि अशा रुग्णाची माहिती डॉक्टरांनी कारखाना निरीक्षण यंत्रणेला द्यायची असते. महाराष्ट्रात हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आहे. खाणींची माहिती केंद्राच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे जाते. डॉक्टरांनी असे पत्र पाठवले असेल तर त्याची प्रत मागून घ्या, कारण भरपाईचा दावा ऐकणाऱ्या आयुक्तांसमोर ती फार वजनदार ठरते.

तपासण्यांमध्ये छातीचा चांगल्या प्रतीचा एक्स-रे आणि फुप्फुसांची क्षमता मोजणारी स्पायरोमेट्री या दोन मुख्य आहेत. धुळीचे आजार ओळखण्यासाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने एक्स-रे वाचण्याची एक ठरलेली पद्धत दिली आहे. तिच्यात सावल्यांची दाटी बारा पायऱ्यांत नोंदवली जाते. आपला एक्स-रे या पद्धतीने वाचून मिळावा, अशी विनंती वैद्यकीय महाविद्यालयाच्या छातीरोग विभागात करावी. शंका राहिली तर सीटी स्कॅन सांगितला जातो. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेचे मत या विषयात प्रमाण मानले जाते. खाण कामगारांच्या आरोग्यासाठी नागपूरला जी राष्ट्रीय संस्था होती, ती आता याच संस्थेत विलीन झाली आहे. एक्स-रेची मूळ फिल्म किंवा सीडी रुग्णालयात सोडून येऊ नका, कारण नंतर नुसत्या छापील अहवालावर कुणाला फेरवाचन करता येत नाही.

रुग्णाला क्षयरोगही असेल तर घाबरून दावा सोडू नये. सिलिका धुळीने खराब झालेल्या फुप्फुसांना क्षयरोगाचा धोका बराच वाढतो, आणि कायद्याच्या यादीत सिलिको-ट्युबरक्युलोसिस हा आजार वेगळा नोंदलेला आहे. त्याची अट एवढीच की अपंगत्वाला किंवा मृत्यूला सिलिकोसिस हे आवश्यक कारण असले पाहिजे. म्हणून क्षयरोगाचे उपचार पूर्ण करा, त्याचे कागद जपा आणि डॉक्टरांकडून ‘क्षयरोगासह सिलिकोसिस’ असे स्पष्ट लिहून घ्या. सिलिकोसिस बरा होत नाही आणि काम सोडल्यावरही तो वाढू शकतो. त्यामुळे निदान झाल्यावर पुन्हा त्याच धुळीत जाणे म्हणजे उरलेला श्वासही गमावणे आहे.

दुसरी पायरी: काम केल्याचा पुरावा गोळा करा

आजार दवाखान्यात सिद्ध होतो, पण काम सिद्ध करताना खरी दमछाक होते, कारण बहुतेक कामगार ठेकेदाराच्या किंवा मुकादमाच्या हाताखाली असतात आणि त्यांचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नसते. तरीही हाताशी असलेले पुरावे आपल्याला वाटतात त्याहून जास्त असतात. भविष्य निर्वाह निधीचे पासबुक, राज्य विमा योजनेचे कार्ड, गेट पास, पगाराची पावती, उचल घेतल्याची वही, बँक खात्यात मालकाच्या नावाने आलेली रक्कम, कामावरचे फोटो, खाणीत भरती होताना दिलेल्या प्रशिक्षणाचा दाखला, यांतले काहीही चालते. मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर किंवा शिधापत्रिकेवर खाणीच्या वस्तीचा पत्ता असेल, तर तोही कुटुंब तिथे राहत होते हे दाखवतो.

काहीच नसेल तर सोबत काम केलेल्या दोन-तीन कामगारांची प्रतिज्ञापत्रे घ्या. त्यांत मोघम ‘तो आमच्यासोबत होता’ असे नको. कोणत्या यंत्रावर, कोणत्या वर्षापासून, मुकादम कोण, मजुरी कशी मिळे, हे त्यांत यावे. साक्षीदार स्वतः आजारी असेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र लवकर करून घ्या.

मालक नेमका कोण, हे कामगाराला अनेकदा माहीत नसते. त्याला फक्त मुकादमाचे नाव ठाऊक असते. अशा वेळी क्रशर किंवा खाण ज्या गटात आहे त्याचा सातबारा काढा, जिल्हाधिकारी कार्यालयातल्या खनिकर्म शाखेत खाणपट्टा किंवा परवाना कुणाच्या नावे आहे हे माहिती अधिकारात विचारा, आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून त्या क्रशरला दिलेल्या संमतिपत्राची प्रत मागा. या तीन कागदांतून मालकाचे नाव व पत्ता बहुधा हाती लागतो. ठेकेदार पळून गेला तरी बिघडत नाही, कारण मूळ मालकाने आपल्या धंद्याचे काम ठेकेदाराकरवी करून घेतले असेल तर भरपाईची जबाबदारी मूळ मालकावर येते आणि नंतर ठेकेदाराकडून ती वसूल करणे हा त्या दोघांमधला प्रश्न राहतो.

‘मी चार जणांकडे काम केले, मग दावा कुणावर लावू?’ हा प्रश्न हमखास येतो. कायद्याने त्याचे उत्तर दिलेले आहे. सिलिकोसिस व अ‍ॅस्बेस्टॉसिस हे आजार भरपाईच्या कायद्यातल्या तिसऱ्या अनुसूचीच्या, म्हणजे कामातून होणाऱ्या आजारांच्या यादीच्या, ‘क’ भागात येतात, आणि त्या भागातला आजार अनेक मालकांकडे काम केल्याने झाला असेल तर सर्व मालक जबाबदार ठरतात. कुणी किती द्यायचे ते प्रमाण आयुक्त ठरवतात. म्हणून माहीत असलेल्या प्रत्येक मालकाला दाव्यात सामील करा. शेवटच्या मालकावरच दावा लावला, तर तो ‘माझ्याकडे फक्त सहा महिने होता’ असे म्हणून सुटू पाहतो.

तिसरी पायरी: कोणत्या दाराशी जायचे ते ठरवा

कामगार राज्य कामगार विमा योजनेत असेल तर त्याचा मार्ग वेगळा आहे. या योजनेत २०१७ पासून दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार येतात. धुळीचा आजार इथे रोजगारातली इजा मानला जातो, वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती टक्के गेली ते ठरवते, आणि पूर्ण अपंगत्वाला सरासरी वेतनाच्या ९० टक्के दराने आयुष्यभर दरमहा रक्कम मिळते. अंशतः अपंगत्व असेल तर त्याच प्रमाणात मिळते. मृत्यू झाल्यास कुटुंबाला अवलंबितांचा लाभ मिळतो. मालकाने वर्गणी भरली नव्हती म्हणून लाभ बुडत नाही. विमा योजनेचे महामंडळ लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. मात्र विमाधारकाला त्याच इजेसाठी मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही. म्हणून आधी विम्याच्या शाखा कार्यालयात आपला विमा क्रमांक तपासून घ्या.

विमा नसलेल्यांसाठी, म्हणजे बहुतेक खाण, क्रशर व असंघटित कामगारांसाठी, कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ हा रस्ता आहे. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि हा कायदा तिच्यात सामावला गेला. मालकाची जबाबदारी, आजारांची अनुसूची व भरपाई मोजण्याची रीत ही जुनी चौकट संहितेने मोठ्या प्रमाणात तशीच घेतली आहे, पण कलमांचे क्रमांक बदलले आहेत आणि आयुक्तांच्या जागी ‘सक्षम प्राधिकारी’ हा शब्द आला आहे. आजार व अपंगत्व त्या तारखेआधीचे असेल, तर अर्जात कोणत्या कायद्याचा उल्लेख करायचा हे वकिलाकडून आधी पक्के करून घ्या. या लेखात पुढे सोयीसाठी ‘आयुक्त’ हाच शब्द वापरला आहे.

बांधकामावरच्या कामगाराने याशिवाय महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडील नोंदणीही पाहावी. वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामाचे काम, या तिच्या अटी आहेत. ग्रॅनाइट व फरशी कापणारे, दगड घडवणारे असे कित्येक कारागीर स्वतःला बांधकाम कामगार समजत नाहीत आणि नोंदणीच करत नाहीत. आजारपण व मृत्यू यांसाठी मंडळाच्या योजना आहेत, पण नोंदणी चालू असेल तरच त्या मिळतात. म्हणून नूतनीकरण चुकवू नका.

चौथी पायरी: मालकाला नोटीस द्या आणि मुदत सांभाळा

आजाराचे निदान झाले की मालकाला लेखी नोटीस द्या. तिच्यात नाव, पत्ता, कामाचे स्वरूप, कालावधी, आजाराचे नाव आणि काम थांबल्याची तारीख असावी. साधी, स्वच्छ मराठी पुरते. स्पीड पोस्टाने पाठवा, पोच मिळाल्याचा पुरावा ठेवा आणि नोटिशीची एक प्रत स्वतःजवळ सही करून ठेवा. तोंडी सांगितलेल्याला पुढे किंमत राहत नाही.

दाव्याची मुदत साधारणपणे दोन वर्षांची धरून चालावे. धुळीच्या आजारात ‘अपघात’ एका दिवशी घडत नाही, म्हणून कायद्याने तारीख मोजण्याची वेगळी रीत दिली आहे. आजारामुळे कामगार ज्या दिवसापासून सलग कामावर गेला नाही, तो पहिला दिवस अपघाताचा दिवस मानला जातो. काम सोडल्यानंतर दोन वर्षांच्या आत आजाराची लक्षणे दिसली, तर ती पहिल्यांदा आढळली तो दिवस धरला जातो. आता पहिल्या केस पेपरवरची तारीख किती मोलाची आहे ते कळेल. मुदत उलटली असली तरी योग्य कारण असेल तर उशीर माफ करण्याचा अधिकार आयुक्तांना आहे. आपल्याला सिलिकोसिस आहे हे डॉक्टरांनी दोन वर्षे सांगितलेच नाही, क्षयरोग म्हणूनच औषधे दिली, हे कारण तारखांसह मांडा. क्षयरोगाचे जुने कागद इथे आपल्याच बाजूने बोलतात.

नोटीस मिळाल्यावर मालक आपल्या डॉक्टरकडून मोफत तपासणी करून घेऊ शकतो. अशा तपासणीला नकार दिला तर भरपाईचा हक्क तेवढ्या काळापुरता थांबतो, म्हणून जरूर जा. सोबत घरचे माणूस न्या आणि अहवालाची प्रत मागा.

याच टप्प्यावर मुकादम घरी येतो, दहा-वीस हजार हातात ठेवतो आणि स्टँप पेपरवर अंगठा घेऊन ‘आता काही मागणे नाही’ असे लिहून घेतो. घरात औषधाला पैसे नसताना ते नाकारणे फार कठीण असते, हे खरे आहे. पण हक्क सोडून देणारा असा करार कायद्याने रद्दबातल आहे. अंगठा दिला असला तरी दावा करता येतो. भरपाईबाबतची तडजोड आयुक्तांकडे नोंदवावी लागते आणि रक्कम अपुरी वाटल्यास ते नोंद नाकारू शकतात. मृत्यूची भरपाई तर मालकाने परस्पर देऊन चालतच नाही. ती आयुक्तांकडेच जमा व्हावी लागते.

पाचवी पायरी: रक्कम कशी मोजतात ते समजून घ्या

मोजणीची रीत सोपी आहे आणि ती प्रत्येक कुटुंबाला माहीत हवी, म्हणजे कुणी लाख-दीड लाखावर भुलवणार नाही. मासिक वेतनाचा ठरावीक भाग आणि वयानुसार ठरलेला गुणक यांचा गुणाकार करायचा. पूर्ण अपंगत्वासाठी वेतनाचा ६० टक्के भाग आणि मृत्यूसाठी ५० टक्के भाग धरतात. ३ जानेवारी २०२० पासून वेतन जास्तीत जास्त १५,००० रुपये धरले जाते. प्रत्यक्ष वेतन १८,००० असले तरी हिशेब १५,००० वरच होतो. वय वाढते तसा गुणक घटतो: ३० व्या वर्षी २०७.९८, ४० व्या वर्षी १८४.१७, ५० व्या वर्षी १५३.०९.

चाळीस वर्षांचा, १५,००० रुपये वेतनाचा कामगार पूर्ण अपंग झाला, तर ९,००० गुणिले १८४.१७ म्हणजे १६,५७,५३० रुपये होतात. त्याचा मृत्यू झाला तर ७,५०० गुणिले १८४.१७, म्हणजे १३,८१,२७५ रुपये. कमाईची क्षमता ७० टक्के गेली असे ठरले, तर पहिल्या रकमेच्या ७० टक्के, म्हणजे ११,६०,२७१ रुपये मिळतात. वेतनाचा पुरावा नसेल तर त्या उद्योगासाठी शासनाने अधिसूचित केलेले किमान वेतन आधार म्हणून मांडा.

टक्केवारी ठरताना एक फरक जपून ठेवा. वैद्यकीय अपंगत्व वेगळे आणि कमाईची क्षमता जाणे वेगळे. स्पायरोमेट्रीत फुप्फुसांची क्षमता ४० टक्के घटलेली दिसली तरी पाट्या उचलणाऱ्या, घण मारणाऱ्या माणसाला ते कामच उरत नाही, आणि त्याला दुसरे काम येत नाही. १९७६ च्या प्रताप नारायण सिंह देव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डावा हात गमावलेल्या सुताराची कमाईची क्षमता पूर्ण गेली असेच मानले, कारण सुतारकाम एका हाताने होत नाही. आपल्या डॉक्टरांना म्हणूनच आधी सांगा की दाखल्यात निव्वळ टक्केवारी नको, ‘रुग्ण पूर्वीचे अंगमेहनतीचे काम करू शकत नाही’ हे वाक्यही हवे.

सहावी पायरी: दावा दाखल करा

अर्ज कुठे करायचा याबाबत कायदा कामगाराच्या सोयीचा आहे. जिथे काम केले तिथे, किंवा कामगार वा त्याचे अवलंबित जिथे राहतात तिथल्या आयुक्तांकडे अर्ज करता येतो. गुजरातमध्ये काम करून नंदुरबारला परतलेला मजूर आपल्या जिल्ह्यात दावा लावू शकतो. महाराष्ट्रात हे काम बहुतेक ठिकाणी कामगार न्यायालयांकडे सोपवलेले असते. आपल्या जिल्ह्यात कुठे जायचे ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात सांगतील. तिथे वकीलही मोफत मिळतो. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, स्त्रिया आणि औद्योगिक कामगार यांना विधी सेवेसाठी उत्पन्नाची अट नाही. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते. वकील नसला तरी नोंदणीकृत कामगार संघटनेचा पदाधिकारी आयुक्तांसमोर बाजू मांडू शकतो.

अर्जाला केस पेपर, एक्स-रे व स्पायरोमेट्रीचे अहवाल, अपंगत्वाचा दाखला, कामाचे पुरावे, वयाचा पुरावा, नोटिशीची प्रत आणि तिची पोच जोडा. सगळ्याच्या छायाप्रती द्या आणि मूळ कागद मागितले तेव्हाच दाखवा. कायद्यात निकालासाठी तीन महिने सांगितले आहेत, प्रत्यक्षात जास्त लागतात. तारखा चुकवू नका. कामगाराची प्रकृती ढासळत असेल तर त्याची साक्ष लवकर नोंदवावी असा अर्ज पहिल्याच तारखेला द्या, कारण तो गेल्यावर कामाबद्दल सांगणारा मुख्य साक्षीदारच उरत नाही.

कामगार गेला असेल तर

दावा संपत नाही. पत्नी, अल्पवयीन मुले, अविवाहित मुलगी, विधवा आई असे अवलंबित तो करू शकतात. फक्त कागद वेगळे लागतात. ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेच्या मृत्यू दाखल्यावर मृत्यूचे कारण छापलेले नसते, हे बऱ्याच कुटुंबांना उशिरा कळते. म्हणून रुग्णालयात मृत्यू झाल्यास कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र व संपूर्ण इनडोअर पेपर मागून घ्या आणि कारणात सिलिकोसिसचा उल्लेख आहे का ते तिथेच पाहा. नसेल तर जुने निदान दाखवून त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. मृत्यू घरी झाला असेल तर शेवटच्या काही महिन्यांचे उपचाराचे कागद आणि जुना एक्स-रे यांवरच भिस्त राहते.

राज्यांची धोरणे आणि मानवाधिकार आयोग

काही राज्यांनी कायद्याच्या दाव्याव्यतिरिक्त थेट मदतीची धोरणे केली आहेत. राजस्थानात वालुकाश्माच्या खाणींत हजारो कामगार आजारी पडले आणि त्या राज्याने ऑक्टोबर २०१९ मध्ये न्यूमोकोनिओसिस (धुळीने होणारे फुप्फुसांचे आजार) धोरण आणले. त्यात ऑनलाइन नोंदणी होते, जिल्हा रुग्णालयातले मंडळ प्रमाणपत्र देते, प्रमाणपत्र मिळताच ३ लाख रुपये आणि मृत्यूनंतर कुटुंबाला २ लाख रुपये ठेवले आहेत, शिवाय दरमहा पेन्शन आहे. हरियाणा व पश्चिम बंगाल यांचीही अशी धोरणे आहेत. या रचनेत कामगाराला मालक शोधत बसावे लागत नाही, आणि माझ्या मते हाच तिचा सर्वांत मोठा गुण आहे. महाराष्ट्रातल्या कुटुंबाचा मुख्य आधार अजूनही कायद्यातला दावाच आहे. सिंधुदुर्गातल्या कासार्ड्याच्या सिलिका वाळूपासून कोल्हापूरच्या फाउंड्रींपर्यंत धुळीचे एवढे उद्योग असलेल्या राज्यात, खाणींच्या निधीतून चालणारे असे धोरण हवे, ही मागणी ग्रामसभांपासून विधिमंडळापर्यंत पोहोचायला हवी.

अनेक कामगार एकाच ठिकाणी आजारी पडले असतील तर राष्ट्रीय किंवा राज्य मानवाधिकार आयोगाकडे एकत्रित तक्रार करा. त्यासाठी शुल्क नाही. गोध्रा परिसरातल्या क्वार्ट्झ दळणाऱ्या कारखान्यांत मध्य प्रदेशातल्या झाबुआ-अलिराजपूर भागातले आदिवासी मजूर कामाला जात आणि सिलिकोसिस घेऊन परतत. राष्ट्रीय आयोगाने त्यांच्यापैकी मृत झालेल्या २३८ जणांच्या कुटुंबांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यावेत अशी शिफारस केली आणि मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरात सरकारला ती रक्कम देण्याचा आदेश दिला. तिथे एकेका मजुराकडे हजेरीची नोंद नव्हती. गावागावांत केलेली नावांची यादी, वैद्यकीय तपासण्या आणि त्याच कारखान्यांकडे बोट दाखवणाऱ्या शेकडो जबान्या यांवर ते प्रकरण उभे राहिले. आपल्या वस्तीतही अशी यादी करायला घ्या: नाव, वय, कामाची जागा, वर्षे, निदान, आणि मृत झाल्यास तारीख.

शेवटची पायरी: निकालानंतर वसुली

आदेश झाला म्हणजे पैसे आले असे होत नाही. भरपाई देय झाल्यापासून महिनाभरात दिली नाही तर १२ टक्के दराने साधे व्याज लागते, आणि योग्य कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही लावता येतो. या दोन्ही मागण्या मूळ अर्जातच लिहिलेल्या असाव्यात. मालकाला उच्च न्यायालयात अपील करायचे असेल तर आधी पूर्ण रक्कम आयुक्तांकडे जमा करावी लागते. म्हणून ‘अपील केले आहे’ एवढ्या उत्तरावर थांबू नका, रक्कम भरल्याचे प्रमाणपत्र पाहायला मागा. पैसे भरलेच नाहीत तर वसुली प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. भरपाईची रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते, म्हणजे प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांमार्फत तहसीलदारांकडे जाते आणि मालकाच्या मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. तहसील कार्यालयात या फाइलचा आवक क्रमांक लिहून घ्या, दर महिन्याला त्याच क्रमांकाने लेखी विचारणा करा, आणि मालकाच्या नावावरचे गट क्रमांक, वाहने व यंत्रे यांची जी माहिती दुसऱ्या पायरीत जमवली होती ती त्या अर्जाला जोडा, कारण जप्ती कशावर आणायची हे सांगितले नाही तर फाइल तिथेच पडून राहते.